मॅकेन्झीचे लिंक्स: ११४ आकडे आणि एक मोकळा वक्र

कॅनडाच्या वायव्येला मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यात १९१६ साली ३,७९० लिंक्स (एक प्रकारची रानमांजरं) सापळ्यांत सापडले. पुढच्या वर्षी ३७४. त्याच्या पुढच्या वर्षी ८१. नंतर पुन्हा चढ सुरू झाला आणि १९२५ मध्ये आकडा ३,५७४ वर गेला. हा खेळ शंभरहून जास्त वर्षं चालू होता आणि तो कागदावर उतरला तो निव्वळ व्यापारामुळे. हडसन्स बे कंपनी कातड्यांचा हिशेब काटेकोर ठेवत असे. प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन आणि मेरी निकल्सन यांनी त्या चोपड्यांतून आकडे वेचून १९४२ मध्ये प्रसिद्ध केले. मॅकेन्झी जिल्ह्याची मालिका १८२१ ते १९३४, म्हणजे एकूण ११४ आकडे. सर्वांत लहान ३९ (१८८९), सर्वांत मोठा ६,९९१ (१९०४).

संख्याशास्त्रात या मालिकेवर जेवढं लिहिलं गेलं, तेवढं फार थोड्या आकड्यांच्या वाट्याला आलं असेल. आर या संगणकप्रणालीत ती आयतीच मिळते, त्यामुळे खालची सगळी आकडेमोड कुणालाही घरी करून पाहता येईल. सेमीपॅरामेट्रिक पद्धत म्हणजे काय (समीकरणाचा काही भाग ठरावीक गुणकांचा, काही भाग मोकळ्या वक्राचा), हे सांगायला मला याहून चांगलं प्रकरण माहीत नाही. एक तर मालिका लहान आहे, त्यामुळे चैन परवडत नाही. दुसरं, ती सरळ रेषेत बसत नाही हे उघड्या डोळ्यांनी दिसतं.

कसं दिसतं? चढ आणि उतार मोजा. १८४२ च्या तळापासून १८४८ च्या शिखरापर्यंत ६ वर्षं, मग उतरायला ४. १८८९ ते १८९५ चढायला ६, मग १८९८ पर्यंत उतरायला ३. १८९८ ते १९०४ पुन्हा ६, उतरायला ४. जवळपास मालिकाभर हेच: चढ ५-६ वर्षांचा, घसरण ३-४ वर्षांची. साध्या रेषीय मॉडेलमधले धक्के, म्हणजे समीकरणाला न सांगता येणारे वर्षावर्षाचे चढउतार, जर घंटेच्या आकाराच्या वितरणातून येत असतील, तर त्या मॉडेलला काळ पुढे जातोय की मागे हे कळतच नाही. त्याची मालिका उलटी वाचली तरी तिचे गुणधर्म तेच राहतात. लिंक्सची मालिका उलटी वाचली तर वेगळी दिसते. रेषीयतेविरुद्धचा हा पहिला पुरावा, आणि त्याला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही.

मोरन यांची रेषा

पॅट्रिक मोरन यांनी १९५३ मध्ये आकड्यांचे दहाच्या पायाचे लॉग घेतले आणि दोन वर्षं मागे जाणारं समीकरण बसवलं. यंदाच्या लॉगला 'यंदा', गेल्या वर्षीच्या लॉगला 'गुदस्ता' आणि त्याच्या मागच्या वर्षीच्या लॉगला 'तिगस्ता' म्हटलं, तर ते असं:

यंदा = १.०५ + १.४१ × गुदस्ता − ०.७७ × तिगस्ता + धक्का

तीन आकड्यांत पुष्कळ काही आहे. गुणकांवरून आवर्तनाचा काळ काढला तर तो ९.८५ वर्षं येतो, म्हणजे दहा वर्षांचं चक्र अचूक पकडलं गेलं. पण धक्के बंद केले की आंदोलन विझत जातं. दर वर्षी त्याचा पल्ला आधीच्या ०.७७ च्या वर्गमुळाइतक्या पट उरतो, म्हणजे दहा वर्षांत जेमतेम २७ टक्के उरतो आणि शेवटी आकडा ८२५ च्या आसपास स्थिरावतो. या मॉडेलच्या मते लिंक्सना स्वतःचं चक्रच नाही. बाहेरून कुणी हलवत राहतं म्हणून ते हलतात.

समीकरण बसवल्यावर उरलेल्या चुका आकड्याच्या पातळीप्रमाणे बदलतात, सरासरीच्या वर लहान आणि खाली मोठ्या, हे मोरन यांनी स्वतःच नोंदवलं होतं. रेषा कुठेतरी चुकते आहे याची ती पहिली खूण होती. तिचा पाठपुरावा व्हायला मात्र पाव शतक गेलं. १९७७ मध्ये कॅम्पबेल आणि वॉकर यांनी एका नियमित लाटेवर दोन वर्षं मागे जाणारं समीकरण चढवलं, तर त्याच वर्षी हॉवेल टाँग यांनी ११ वर्षं मागे जाणारं लांबलचक रेषीय समीकरण सुचवलं. ११४ आकड्यांसाठी ११ गुणक! पण टाँग तिथे थांबले नाहीत.

उंबरठा

१९८० मध्ये टाँग आणि लिम यांनी उंबरठ्याची मॉडेल्स सविस्तर मांडली. मुद्दा असा की तिगस्ताचा आकडा एका ठरावीक पातळीच्या खाली असेल तर एक समीकरण, वर असेल तर दुसरं. लिंक्ससाठी पुढे रूढ झालेलं त्याचं आटोपशीर रूप:

तिगस्ता ३.२५ किंवा कमी असेल तर: यंदा = ०.६२ + १.२५ × गुदस्ता − ०.४३ × तिगस्ता

जास्त असेल तर: यंदा = २.२५ + १.५२ × गुदस्ता − १.२४ × तिगस्ता

३.२५ हा लॉग म्हणजे सुमारे १,७७८ लिंक्स. आता प्रत्येक समीकरण एकेकटं घेऊन ते कुठे थांबू पाहतं ते काढा. खालचं ३.४४ वर, म्हणजे साधारण २,७८० लिंक्सवर, जे उंबरठ्याच्या वर आहे. वरचं ३.१२५ वर, म्हणजे १,३३० च्या आसपास, जे उंबरठ्याच्या खाली आहे. शिवाय वरच्या समीकरणातली आंदोलनं स्वभावतःच वाढणारी आहेत. म्हणजे खालचा नियम लिंक्सना वर ढकलतो, वरचा खाली, आणि आपापल्या हद्दीत थांबायला दोघांनाही जागा नाही. चक्र आपोआप चालत राहतं.

ही समीकरणं धक्के शून्य धरून कागदावर चालवून पाहिली की काही फेऱ्यांत मालिका ९ वर्षांच्या आवर्तनात स्थिर होते: ६ वर्षं चढ, ३ वर्षं उतार. खऱ्या मालिकेतला तिरकेपणा कुणी न सांगता त्यात उतरतो. पल्ला मात्र लहान राहतो, साधारण ६६० ते २,३७० लिंक्स. ३९ आणि ६,९९१ ही टोकं धक्क्यांशिवाय गाठता येत नाहीत.

मला हे मॉडेल आवडतं. पण त्यात एक गोष्ट आपण गृहीत धरली आहे, तिचा पुरावा मात्र नाही: १,७७७ लिंक्सना एक नियम आणि १,७७९ ना दुसरा. निसर्गात असा कडक उंबरठा असेलही, पण तो तिथे आहे हे मॉडेलने आपल्याला सांगितलेलं नाही, आपणच त्याला सांगितलं आहे. ज्याला आकार माहीत नाही त्याने आकार आधी ठरवू नये. सेमीपॅरामेट्रिक विचार या अडचणीतून सुरू होतो.

सगळं मोकळं सोडलं तर

टोकाचा पर्याय असा: यंदाचा आकडा हे गुदस्ता आणि तिगस्ता यांचं काहीतरी गुळगुळीत फलन आहे, एवढंच मानायचं आणि ते पृष्ठभाग म्हणून आकड्यांतून काढायचं. आकडे भरपूर असते तर मीही हेच केलं असतं. एका चलाच्या वक्राचा अंदाज जितका सुधारतो, त्याहून दोन चलांच्या पृष्ठभागाचा अंदाज हळू सुधारतो. नेहमीच्या गृहीतकांखाली चूक आकड्यांच्या संख्येच्या कोणत्या घाताने घटते ते पाहा: सरळ गुणकासाठी उणे १/२, एका चलाच्या वक्रासाठी उणे २/५, दोन चलांच्या पृष्ठभागासाठी उणे १/३. ११४ आकड्यांना हे घात लावले तर अनुक्रमे ०.०९४, ०.१५० आणि ०.२०६ मिळतात. यापुढे गुणणारे स्थिरांक वेगवेगळे असतात, तेव्हा हे आकडे शब्दशः घेऊ नयेत; उतरंड कशी आहे ते मात्र त्यातून कळतं.

अडचण नुसत्या संख्येची नाही. गुदस्ता आडव्या अक्षावर आणि तिगस्ता उभ्या अक्षावर मांडून ठिपके टाकले तर ते पानभर पसरत नाहीत, कड्यासारखे गोल बसतात. मध्यभाग विरळ, कोपरे रिकामे. तिथे पृष्ठभाग काढणं म्हणजे जिथे कुणी गेलंच नाही तिथला नकाशा काढणं.

मग मधला मार्ग: गुदस्ताचा भाग रेषीय ठेवायचा, तिगस्ताचा मोकळा सोडायचा.

यंदा = बीटा × गुदस्ता + वक्र(तिगस्ता) + धक्का

इथे बीटा म्हणजे गुदस्ताचा गुणक. अंशतः रेषीय म्हणतात ते हेच मॉडेल. त्याचं गाजलेलं पहिलं उदाहरण प्राण्यांचं नव्हतं, विजेचं होतं. एंगल, ग्रेंजर, राइस आणि वाइस यांनी १९८६ मध्ये चार अमेरिकी वीजकंपन्यांची घरगुती विक्री घेतली. तापमानाचा परिणाम वक्र म्हणून मोकळा सोडला आणि बाकीची चलं रेषीय ठेवली. थंडीत हीटर आणि उन्हाळ्यात एसी, त्यामुळे तापमानाचा परिणाम सरळ रेषेत येणार नाही हे उघड होतं. त्याचा आकार मात्र आधी सांगता येत नव्हता. पुढे स्वतःच्याच भूतकाळावर चालणाऱ्या मालिकांपर्यंत हे मॉडेल नेण्याचं आणि लिंक्सच्या आकड्यांना लावण्याचं बरंच काम जिती गाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात आणि नंतर केलं.

रेषीय कोणता भाग ठेवायचा हे मनाने ठरवलेलं नव्हतं. दोन्ही भाग वेगवेगळे वक्र म्हणून सोडून पाहिले की गुदस्ताचा वक्र जवळपास सरळ येतो आणि तिगस्ताचा वाकतो. सरळ आलेल्या भागावर आकडे खर्च करण्यात अर्थ नाही.

जोड्या लावून बीटा

वक्र माहीत नसताना बीटा कसा काढायचा? सगळी पद्धत या एका प्रश्नात आहे, आणि ती हाताने करून दाखवता येते.

तिगस्ताचा आकडा सारखा असलेली दोन वर्षं शोधा. वक्र कसाही असो, दोन्हीकडे त्याची किंमत सारखीच. वजाबाकी केली की वक्र नाहीसा होतो आणि उरतो फक्त बीटा.

१८९३ मध्ये ३७७ लिंक्स, १९१७ मध्ये ३७४. जवळपास सारखे. पण १८९३ मध्ये मालिका चढत होती: पुढचे आकडे १,२९२ आणि ४,०३१. १९१७ मध्ये ती कोसळत होती: पुढचे ८१ आणि ८०. लॉग घेतले तर मधल्या वर्षांतला फरक १.२०३, शेवटच्या वर्षांतला १.७०२. भागाकार १.४१५. मोरन यांनी संपूर्ण मालिकेवरून काढलेला गुणक १.४१ होता. एकाच जोडीवरून इतकं जुळणं हा योगायोगच, पण दुसरी जोडी पाहा. १८३५ आणि १८४०, दोन्ही वर्षी नेमके ४०९. पहिल्यापुढे २,२८५ आणि २,६८५, दुसऱ्यापुढे १५१ आणि ४५. भागाकार १.५०. तिसरी जोडी १९०० (३८७) आणि १८८७ (३८९): पुढे ७५८, १,३०७ आणि ७३, ३९. पुन्हा १.५०.

इथे एक बारकावा आहे जो सूत्रात लपून जातो. बीटा काढता येतो कारण एकाच पातळीवर लिंक्स कधी चढत असतात, कधी उतरत. ठिपक्यांचं ते कडं पृष्ठभागाला अडचणीचं होतं, बीटाला मात्र तेच उपयोगी पडतं. तिगस्तावरून गुदस्ताचा आकडा पुरेपूर कळला असता तर दोन्हींचे परिणाम वेगळे करणं कुणालाच जमलं नसतं.

आता चौथी जोडी. १८८० आणि १९२१, दोन्ही वर्षी २२९. पुढचे आकडे ४६९, ७३६ आणि ३९९, १,१३२. भागाकार उणे २.६६! घाबरायचं कारण नाही. ४६९ आणि ३९९ यांच्या लॉगमध्ये फरकच ०.०७ चा आहे, आणि इतक्या लहान आकड्याने भागल्यावर धक्का तेवढा फुगून वर येतो. चारही भागाकारांची साधी सरासरी घेतली तर ०.४४ येते, निव्वळ निरर्थक. पण प्रत्येक जोडीला तिच्या मधल्या फरकाच्या वर्गाइतकं वजन दिलं की १.४७. लघुतम वर्गांची रीत नेमकं हेच वजन देते.

पीटर रॉबिन्सन यांनी १९८८ मध्ये दिलेली पद्धत म्हणजे या जोड्यांचंच नीटनेटकं रूप. नेमकी सारखी वर्षं शोधत बसायचं नाही. यंदाचा आकडा तिगस्तावरून सरासरीने किती अपेक्षित आहे तो गुळगुळीत वक्राने काढायचा आणि वजा करायचा. गुदस्ताचंही तेच. मग उरलेल्याची उरलेल्याशी साधी रेषा बसवायची. तिचा उतार म्हणजे बीटा. वजा केलेले वक्र थोडे धुरकट असले तरी बीटा मात्र पूर्ण पॅरामेट्रिक, म्हणजे फक्त गुणकांच्या, मॉडेलच्या वेगानेच, म्हणजे उणे १/२ या घाताने अचूक होत जातो, हा या निकालाचा गाभा. एक वजाबाकी गाळून फक्त एकच बाजू गुळगुळीत केली तर वक्रातली चूक बीटामध्ये झिरपते, आणि गुदस्ता-तिगस्ता एकमेकांत जितके गुंतलेले तितकी ती जास्त झिरपते. इथे ते चांगलेच गुंतलेले आहेत.

वक्राच्या खालच्या टोकाला काय दिसलं

बीटा हातात आला की यंदामधून बीटा × गुदस्ता वजा करायचं आणि जे उरतं ते तिगस्तासमोर मांडायचं. तुलना नीट व्हावी म्हणून मी मोरन यांचाच १.४१ कायम ठेवून पाहतो. मोरन बरोबर असतील तर ठिपके १.०५ − ०.७७ × तिगस्ता या रेषेभोवती पसरले पाहिजेत.

मालिकेत १०५ किंवा कमी लिंक्सची १० वर्षं आहेत. ती तिगस्ताच्या जागी ठेवली तर १० पैकी ८ ठिपके रेषेच्या खाली पडतात. सरासरी अंतर लॉगमध्ये ०.१७, म्हणजे दोन वर्षांनंतर प्रत्यक्षात सापडलेले लिंक्स रेषेच्या अंदाजाच्या जेमतेम दोन-तृतीयांश. आणि ३९ पासून १०५ पर्यंत जाताना रेषा −०.१८ वरून −०.५१ वर उतरते, ठिपके मात्र −०.२ ते −०.७५ च्या पट्ट्यात विखुरलेले राहतात, रेषेसारखा उतार त्यांत दिसत नाही. लिंक्स फारच कमी झाल्यावर ते आणखी कमी होण्याने काही फायदा होत नाही, असं हा सपाट भाग सांगतो. रेषीय समीकरणाची समजूत उलटी आहे: जितके खाली जाल तितका वर येण्याचा जोर जास्त.

उंबरठ्याचं मॉडेलही हेच म्हणत होतं. खाली तिगस्ताचा उतार −०.४३, वर −१.२४. फरक इतकाच की मोकळ्या वक्राला हे कुणी शिकवलं नव्हतं.

वक्र किती गुळगुळीत ठेवायचा हे ठरवणारी बँडविड्थ फार मोठी घेतली आणि वक्र स्थानिक रेषांनी, म्हणजे प्रत्येक ठिकाणी आसपासच्या ठिपक्यांवरून छोटी रेषा काढून, बसवला, तर तो सरळ होतो आणि आपण थेट मोरन यांच्या समीकरणावर परत येतो. म्हणजे रेषीय मॉडेल या कुटुंबातलंच एक टोक आहे, आणि 'वाकणं खरं आहे का' हा प्रश्न रीतसर तपासता येतो. मोरन यांच्या समीकरणातून संगणकावर बनावट मालिका तयार करायच्या, प्रत्येकीला मोकळा वक्र बसवायचा आणि खऱ्या मालिकेचा वक्र त्या गर्दीत किती बाहेर पडतो ते मोजायचं. बँडविड्थ निवडायला एकेक वर्ष वगळून अंदाज तपासण्याची रीत इथे चालते, कारण धक्के एकमेकांशी संबंधित नाहीत असं आपण मानलं आहे. ते तसे नसतील, म्हणजे मागची वर्षं पुरेशी घेतली नसतील, तर ही रीत फसते आणि वक्र नको तितका वळणावळणाचा येतो. म्हणून आधी उरलेल्या चुकांचा आपसातला संबंध पाहावा, मग बँडविड्थकडे वळावं. बरेच लोक उलटं करतात.

बीटा खरंच एकच आहे का?

अंशतः रेषीय मॉडेलवरचा खरा आक्षेप वेगळाच आहे. वर लावलेल्या सगळ्या जोड्या चक्राच्या खालच्या भागातल्या होत्या. वरच्या भागात काय होतं?

१९०३ मध्ये ३,४६५, १८९६ मध्ये ३,४९५. पुढचे आकडे ६,९९१, ६,३१३ आणि ५८७, १०५. भागाकार १.६५. १८४८ (२,५३६) आणि १८८६ (२,५११): पुढे ९५७, ३६१ आणि ३८९, ७३. भागाकार १.७८. खाली १.४ ते १.५, वर १.६५ ते १.७८. उंबरठ्याच्या मॉडेलमध्येही गुदस्ताचा गुणक खाली १.२५ आणि वर १.५२ होता. दोन वर्षांपूर्वी लिंक्स भरपूर असतील तर गेल्या वर्षीचा बदल यंदा जास्त ताणला जातो, असं म्हणायला जागा आहे.

असं असेल तर वक्र मोकळा सोडून भागणार नाही, गुणकच मोकळे सोडावे लागतील: यंदा = अ(तिगस्ता) × गुदस्ता + ब(तिगस्ता) × तिगस्ता. चेन आणि त्साय यांनी १९९३ मध्ये मांडलेलं हे मॉडेल. त्याला स्थानिक रेषांनी बसवण्याची त्साई, फान आणि याओ यांची २००० सालची पद्धत लिंक्सच्या मालिकेवरही वापरली गेली. मोरन, उंबरठा आणि मोकळे गुणक ही मग एकाच घरातली होतात: गुणक स्थिर, गुणक पायरीसारखे, गुणक वळणारे.

माझा कल मात्र अंशतः रेषीय मॉडेलपासून सुरुवात करण्याकडेच आहे, आणि त्याचं कारण १९१५ साल. त्या वर्षी २,९८५ लिंक्स, पुढे ३,७९० आणि मग एकदम ३७४. त्याच्या जोडीला १९२६ (२,९३५) घ्या: पुढे १,५३७ आणि ५२९. इथे गुदस्ताचा आकडा मोठा असूनही यंदाचा लहान, भागाकार उणे ०.३८. आणि या जोडीतला मधला फरक ०.३९ आहे, २२९ च्या जोडीसारखं तिला क्षुल्लक म्हणून बाजूला सारता येत नाही. वरच्या भागात आधीच थोडी वर्षं, त्यात असं एक वर्ष गुणकाचा वक्र हवा तसा वाकवू शकतं. दोन गुणक मोकळे सोडले की त्या एका वर्षाच्या हातात दोन दोऱ्या जातात. वरच्या भागात बीटा वाढत असावा असा मला संशय आहे, खात्री नाही. आणि ११४ आकड्यांत खात्री होईल असं वाटतही नाही.

प्राण्यांकडे परत

दोन वर्षं मागचाच आकडा का महत्त्वाचा, याचं उत्तर सापळ्यांच्या चोपड्यांत नव्हतं. लिंक्सचं मुख्य खाद्य म्हणजे स्नोशू ससा, आणि सशांचंही चक्र साधारण दहा वर्षांचं. युकॉनमधल्या क्लुआने परिसरात चार्ल्स क्रेब्स आणि सहकाऱ्यांनी जंगलाचे मोठे तुकडे आखून प्रयोग केले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शिकारी प्राण्यांना रोखल्यावर सशांची घनता दुप्पट, जादा अन्न दिल्यावर तिप्पट आणि दोन्ही केल्यावर ११ पट झाली. म्हणजे ससा खालून अन्नाने आणि वरून शिकाऱ्याने बांधलेला आहे. स्टेनसेथ आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दोन्ही प्राण्यांच्या मालिका तपासल्या, तेव्हा सशांना तीन वर्षं मागे जावं लागलं आणि लिंक्सना दोन पुरली. लिंक्सच्या बाजूने पाहिलं तर अन्न एवढीच एक दोरी आहे.

१९९८ मध्ये त्याच गटाने, आता टाँग यांच्यासह, उंबरठ्याचा अर्थ लावला. तिगस्ताचा आकडा म्हणजे चक्राच्या कोणत्या टप्प्यावर आपण आहोत याची खूण: ससे वाढत असतानाचे लिंक्स आणि ससे घटत असतानाचे लिंक्स वेगळ्या रीतीने शिकार करतात. हा अर्थ मला पटतो, पण तो कडक उंबरठ्याचा पुरावा ठरत नाही. सपाट सुरुवात आणि मग तीव्र उतार असलेला गुळगुळीत वक्रही त्याच अर्थाशी जुळतो.

११४ आकड्यांच्या मर्यादेवर खरा उतारा एकच होता, आणखी आकडे आणणं. मॅकेन्झीशिवाय कॅनडाच्या इतर भागांतल्याही मालिका होत्या, पण लहान लहान. याओ, टाँग, फिंकेनस्टेट आणि स्टेनसेथ यांनी २००० मध्ये अशा अनेक छोट्या मालिका एकत्र घेऊन त्यांची सामाईक रचना शोधण्याची रीत मांडली. प्रत्येक प्रदेशाला स्वतंत्र मॉडेल न देता, जिथे साम्य आहे तिथे आकडे एकमेकांना उसने द्यायचे.

१९३४ नंतर

शेवटी हिशेबाचा प्रश्न. मालिका १९३३ मध्ये २,६५७ आणि १९३४ मध्ये ३,३९६ वर संपते. पुढे काय?

१९३५ साठी मोरन यांचं समीकरण २,४६६ सांगतं, उंबरठ्याचं २,३४९. फरक पाच टक्के. एका वर्षाच्या अंदाजावर मॉडेल निवडणाऱ्याला इथे दोघांत काहीच फरक दिसणार नाही, आणि प्रसिद्ध झालेल्या बहुतेक तुलना एका वर्षाच्याच असतात. धक्के शून्य धरून पुढे चाला. १९३६ साठी १,२९९ आणि ९८९. १९३७ साठी ६७४ आणि ४२०. तिसऱ्या वर्षी घसरणीचा वेग स्पष्ट वेगळा होतो, आणि व्यापाऱ्याला किंवा वनखात्याला त्याचंच मोल असतं. १९३८ मध्ये दोन्ही पुन्हा जवळ येतात, ४३७ आणि ४०८, पण वाटा वेगळ्या आहेत: एक समीकरण ८२५ कडे विझत चाललेलं, दुसरं पुढच्या चढाला लागणारं.

आणि उंबरठ्याच्या मॉडेलचे हे पुढचे आकडेही काटेकोरपणे अंदाज नाहीत. रेषीय समीकरणात धक्के शून्य धरून पुढे गेलं की लॉगची सरासरी बरोबर मिळते. वाकलेल्या समीकरणात मिळत नाही, कारण वक्रातून गेलेल्या धक्क्यांची सरासरी शून्य राहत नाही. ३.३७ या लॉगवर उभा असलेला १९३५ चा अंदाज उंबरठ्यापासून ०.१२ वर आहे, आणि मोरन यांच्या समीकरणातल्या एका नेहमीच्या धक्क्याचा आकारच सुमारे ०.२ आहे. म्हणजे १९३५ उंबरठ्याच्या खाली उतरण्याची शक्यता चांगलीच आहे, आणि तसं झालं तर १९३७ चं समीकरणच बदलतं. मोकळ्या वक्रालाही हेच लागू. तेव्हा मॉडेलमध्ये उरलेल्या चुकांतूनच धक्के उचलून हजारो संभाव्य वाटा चालवायच्या आणि तिसऱ्या वर्षासाठी एका आकड्याऐवजी आकड्यांचा पट्टा द्यायचा.